दुसरे हक्कसोडपत्र

नांदेडच्या दिवाणी न्यायालयाच्या आवारात आयुष्याची चार दशके खर्ची घातल्यामुळे, आमच्या मराठवाड्यातील स्त्रीची सही किंवा तिचा अंगठा कागदावर कोणत्या परिस्थितीत उमटतो, हे जितक्या जवळून मी पाहिले आहे तितक्या जवळून पाहण्याचा योग फार थोड्यांना आला असेल. बापाच्या सातबाऱ्यातील आपला हिस्सा भावांच्या लाभात सोडून देणारे हक्कसोडपत्र टंकून तयार असते. भाऊ, भावजया, गावातील एखादे वजनदार गृहस्थ आणि दोन साक्षीदार असा सारा लवाजमा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हजर असतो. आणि जिचा हक्क सुटावयाचा आहे ती बाई मात्र, कागदात काय लिहिले आहे असे विचारणे म्हणजे भावावर अविश्वास दाखविणे होय अशा समजुतीने, पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बाकाच्या कडेवर बसलेली असते. अशी पत्रे मी शेकड्यांनी लिहिली. त्यांतील एक माझ्या धाकट्या बहिणीचे होते, आणि ते माझ्याच लाभात होते.

या जुन्या दप्तराची गाठ आज सोडण्याचे कारण असे की, दोन वर्षांपूर्वी याच बहिणीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली, तुकड्याच्या तपासणीत ती कर्करोगाची ठरली, आणि शस्त्रवैद्याच्या खोलीत मला अगदी तेच दृश्य दुसऱ्यांदा दिसले. ती स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या मागे तिचे यजमान, तिचा दीर, तिचा मुलगा आणि मी असे चार पुरुष उभे होतो. डॉक्टर जे विचारीत होते त्याची उत्तरे आम्ही देत होतो. आणि गाठीपुरती शस्त्रक्रिया करून स्तन राखावयाचा की संपूर्ण स्तन काढावयाचा, असा प्रश्न पुढे येताच, क्षणाचाही विलंब न लावता, ‘काढूनच टाका साहेब, मागे झंझट नको’ असे उद्गार ज्याच्या मुखातून निघाले तो दीर नव्हता, मुलगा नव्हता. तो मी होतो.

माझ्यासारख्या, कागद वाचल्यावाचून सही करू नये असा उपदेश करून पोट भरणाऱ्या मनुष्याने हे वाक्य इतक्या बिनदिक्कतपणे का उच्चारावे, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. त्याचे मूळ असे दिसते की, जितके अधिक कापावे तितके जीवित अधिक सुरक्षित, ही कल्पना आपल्या बुद्धीला उपजतच पटते. सुश्रुतसंहितेतही अर्बुदाचा अवशेष मागे राहिला तर ते पुनश्च उद्भवते असे प्रतिपादन आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील विल्यम हाल्स्टेड या शस्त्रवैद्याने १८९४ साली आपली जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सारे एकत्र काढून टाकले जाई. आणि जगभरच्या शस्त्रवैद्यांनी पाऊण शतक तो जणू वेदवाक्याप्रमाणे मानलेला शिरस्ता होता. त्यामागचे अनुमान शेतकऱ्याला चटकन समजेल असे होते: कर्करोग हा हरळीसारखा आहे, तो एका जागी रुजतो आणि मुळ्या पसरीत आजूबाजूला सरकतो, म्हणून त्याच्या भोवतीचे रान जितके खोल आणि जितके रुंद खणाल तितका तो निपटून निघेल. लंडनमध्ये १९२० च्या दशकात जेफ्री केन्स याने, जो सुप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचा धाकटा बंधू होता, गाठ काढून अथवा न काढताही स्तनात रेडियमच्या सुया बसवून स्त्रियांना बरे करून दाखविले. पण व्यवसायबंधूंनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

या अनुमानाला धक्का दिला तो पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर आणि मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी या दोघांनी, आणि तोही वादविवादाने नव्हे, तर आम्हा वकिलांना हेवा वाटावा अशा पुराव्याने. फिशरचे म्हणणे असे होते की, हा रोग हरळीपेक्षा गाजरगवताच्या जातीचा आहे: झाड नजरेस पडण्यापूर्वीच त्याचे बी वाऱ्यावर गेलेले असते किंवा गेलेले नसते, आणि गेले असेल तर बांधाची आणखी दोन हात माती उकरल्याने ते परत येत नाही, त्याच्यासाठी रक्तातून सर्व शरीरभर फिरणारी औषधे हवीत. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या चाचणीत चार सेंटीमीटरपर्यंतची गाठ असलेल्या १,८५१ स्त्रियांची तीन गटांत विभागणी करण्यात आली: एका गटाचा संपूर्ण स्तन काढला, दुसऱ्याची केवळ गाठ, आणि तिसऱ्याची गाठ काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार दिले. वीस वर्षे या स्त्रियांचा मागोवा घेऊन २००२ च्या ऑक्टोबरात एका वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा, तिन्ही गटांतील आयुर्मर्यादेत फरक आढळला नाही. त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात वेरोनेसीने मिलानच्या ७०१ स्त्रियांची वीस वर्षांची हकीकत प्रसिद्ध केली. तिचाही निवाडा तोच. हे अमेरिका-इटलीतले, आपल्याकडे कसे लागू पडेल, अशी शंका घेणाऱ्यांसाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दप्तर उघडे आहे: डॉ. केतायून दिनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २००० या काळात स्तन राखून उपचार केलेल्या १,०२२ भारतीय स्त्रियांचा वृत्तांत छापला, आणि त्यांत पाच वर्षांनंतर शंभरातील ८७ स्त्रिया हयात होत्या.

म्हणजे, ज्या स्त्रीची गाठ लहान आहे आणि जिच्या बाबतीत दोन्ही मार्ग वैद्यकीय दृष्ट्या खुले आहेत, तिला स्तन काढून टाकल्याने अधिक आयुष्य मिळत नाही. हे वाक्य आमच्या जिल्ह्यांतील प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर, औषधांच्या जाहिराती काढून, मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवावे असे मला वाटते.

पण पुराव्याची दुसरी बाजू लपवून ठेवणे हे वकिलाला साजले तरी लेखकाला साजत नाही. फिशरच्या चाचणीत ज्यांची केवळ गाठ काढली आणि ज्यांना किरणोपचार दिले नाहीत, त्यांच्यापैकी शंभरात ३९ जणींना वीस वर्षांत त्याच स्तनात रोग पुन्हा झाला. ज्यांना किरणोपचार दिले त्यांच्यात हे प्रमाण १४ होते. मिलानमध्ये स्तन राखलेल्यांत ८.८ टक्के आणि स्तन काढलेल्यांत २.३ टक्के असा स्थानिक पुनरुद्भवाचा हिशेब निघाला. आजच्या औषधांमुळे हे आकडे बरेच खाली आले आहेत, आणि असा पुनरुद्भव वेळीच सापडला तर त्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, हे खरे. तथापि त्यातून दोन गोष्टी निर्विवाद सिद्ध होतात. पहिली ही की, गाठीपुरती शस्त्रक्रिया आणि नंतरचे किरणोपचार हे एकाच दस्ताचे दोन कागद आहेत, आणि त्यांतला दुसरा हरवला तर पहिला बव्हंशी रद्दबातल होतो. दुसरी ही की, गाठ काढताना तिच्या भोवती निरोगी पेशींची एक कड राखून काढावी लागते आणि प्रयोगशाळेत त्या कडेला शाई लावून ती तपासतात. शाईपर्यंत रोग पोहोचलेला नसेल तर कड स्वच्छ, पोहोचला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया. आमच्या खरेदीखतातील चतुःसीमेचाच हा प्रकार आहे; सीमा स्पष्ट नसली की पुढे तंटा ठरलेलाच.

शिवाय निवड सर्वांनाच उपलब्ध असते असेही नाही. स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत अनेक गाठी असतील, त्वचेवर रोग पसरून लाली व सूज आली असेल, पूर्वी छातीवर किरणोपचार झालेले असतील, किंवा स्त्री नुकतीच गर्भवती असेल, तर डॉक्टर संपूर्ण स्तन काढण्याचाच सल्ला देतात, आणि तो ऐकावा. काही घराण्यांत आनुवंशिक दोषामुळे आई, मावशी, बहीण असा हा रोग पाठोपाठ येतो. तेथील विचार वेगळा. गाठ मोठी असली तर आधी किमोथेरपी देऊन ती लहान करावी आणि मग स्तन राखण्याचा प्रयत्न करावा, असाही एक मार्ग आहे, आणि तो आपल्याकडे विचारलाच जात नाही. परंतु किनवट, मुखेड, देगलूर, निलंगा येथून येणाऱ्या कित्येक बायका, गाठ दुखत नाही म्हणून, सुई टोचली की रोग पसरतो या भीतीने, किंवा सोयाबीनची काढणी आटोपू द्या म्हणून, इतक्या उशिरा येतात की निवडीची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. २०२२ साली भारतात सुमारे १ लक्ष ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाल्याचा आणि सुमारे ९८ हजार त्याने दगावल्याचा जागतिक अंदाज आहे. या दोन आकड्यांतील जवळीक मला मुख्यतः उशिराची साक्ष वाटते. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने स्तनतपासणी केल्याचा १,५१,५३८ स्त्रियांवरील वीस वर्षांचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात पन्नाशीपुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यासाठी यंत्र लागले नाही, हात लागले. आमच्या बायका तपासणीला येतच नाहीत ही सबबही खरी नव्हे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ४९७ गावांतील एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या त्या जगप्रसिद्ध चाचणीत सामील झाल्या होत्या, जिचा वृत्तांत २००९ मध्ये छापून आला आणि जिच्या आधाराने अनेक देशांनी आपली धोरणे पारखली.

ज्यांच्यापुढे निवड खरोखर असते त्या स्त्रियांकडे आता वळू. ‘काढून टाका’ या दोन शब्दांमागे आमच्याकडे आणखी एक पोटसमजूत असते: स्तनच गेला म्हणजे शेक, म्हणजेच किरणोपचार, नको आणि किमो नको. ती चुकीची आहे. किमो द्यावयाची की नाही हे गाठीच्या जातीवर, तिच्या आकारावर आणि काखेतील ग्रंथींवर ठरते; स्तन ठेवला की काढला यावर नव्हे. आणि गाठ मोठी असेल किंवा काखेत रोग पोहोचला असेल, तर संपूर्ण स्तन काढल्यानंतरही छातीच्या भिंतीला शेक घ्यावा लागतो. ज्या यातायातीतून सुटण्यासाठी अवयव दिला, तो देऊनही यातायात कपाळी आलीच, अशी स्थिती मी नात्यातच दोन वेळा पाहिली आहे.

‘काढून टाका’ हा आमच्या भागाचा आरोग्यविषयक परवलीचा शब्दच झाला आहे की काय, अशी शंका मला २०१९ साली आली, जेव्हा मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांचा मामला विधिमंडळापर्यंत गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जे सर्वेक्षण आले त्यात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरे जाते, पोट दुखते, पाळीच्या दिवसांत कोयता थांबतो आणि खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. तेव्हा काढून टाका. तेथे लोभी वैद्य होते, उचल देणारे मुकादम होते, सर्व काही होते; पण त्या सगळ्यांच्या मुळाशी, स्त्रीचे इंद्रिय हे कामाच्या आड येणारी वस्तू आहे आणि ते नाहीसे केल्याने व्यवहार सोपा होतो, ही जी धारणा होती, ती आमच्या घरांतील सुशिक्षित पुरुषांतही सौम्य स्वरूपात नांदते आहे. ‘आता या वयात तिला काय करायचे आहे?’ हे वाक्य शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी स्वतःच्या कानांनी ऐकले. बोलणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक होते. वय झाले म्हणून त्यांनी स्वतःचा एखादा अवयव, उपयोग संपला या कारणास्तव, काढून दिल्याचे मला ज्ञात नाही.

आता अंतराचा प्रश्न घेऊ, कारण माझ्या मते मराठवाड्यात या निर्णयाचा खरा फैसला शस्त्रवैद्य करीत नाही, एस.टी.चे वेळापत्रक करते. शस्त्रक्रिया दोन-चार दिवसांत आटोपते. शेक मात्र आठवड्याचे पाच दिवस, रोज पाच-दहा मिनिटे, असा तीन आठवडे आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक काळ घ्यावा लागतो. जो उपचार दहा मिनिटांचा, त्यासाठी मुक्काम महिन्याचा. नांदेडहून मुंबई सुमारे सहाशे किलोमीटर. तपोवन, देवगिरी, नंदीग्राम या गाड्यांच्या डब्यांत, मांडीवर एक्स-रेची पिशवी घेऊन परळला टाटा रुग्णालयाकडे निघालेली नवरा-बायकोची जोडी ज्याने पाहिली नाही असा प्रवासी विरळा. जुन्या निजामी मुलखाची वहिवाट म्हणा की सोय म्हणा, देगलूर-बिलोलीकडचे पुष्कळ लोक हैदराबादच्या मेहदी नवाज जंग यांच्या नावाच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट धरतात. लातूरकरांचा ओढा बार्शीकडे. तेथे नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले कर्करोग रुग्णालय डॉ. भास्कर नेने यांच्या परिश्रमाने नावारूपाला आले, आणि देशातील पहिली ग्रामीण कर्करोगनोंदणी तेथेच १९८७ मध्ये सुरू झाली. बार्शीबरोबर परंडा आणि भूम या मराठवाड्यातल्या तालुक्यांतील गावेही त्या नोंदणीत आहेत. छत्रपती संभाजीनगरला शासनाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि लातूरच्या विवेकानंद रुग्णालयासारख्या संस्था हे अंतर आणखी कमी करण्याच्या खटपटीत आहेत. तरीसुद्धा गावाहून तालुका, तालुक्याहून जिल्हा आणि जिल्ह्याहून यंत्र, अशी ही तिहेरी यात्रा रोज करणे कष्टकरी बाईला अशक्य, आणि परगावी राहणे तिच्या घराला परवडत नाही.

परवडत नाही, हे शब्द लिहिताना माझी लेखणी किंचित अडखळते. ज्या लातुरात दहावीनंतर मुलाला डॉक्टर करण्यासाठी, शेत गहाण टाकून, शिकवणीच्या गल्लीत दोन-दोन वर्षे भाड्याची खोली घेतली जाते, आणि त्या खोलीत त्याला गरम पोळी मिळावी म्हणून आईला गावाहून आणून ठेवले जाते, त्याच मुलखात त्याच आईच्या तीन आठवड्यांच्या शेकासाठी खोली घेणे मात्र परवडेनासे होते. शिकवणीच्या या लातूर पॅटर्नवर मी टीका करीत नाही. त्याने कित्येक गरिबांची पोरे वर आणली. मी एवढेच दर्शवितो की परवडणे ही केवळ द्रव्याची बाब नाही.

जेथे खरोखर द्रव्याचीच बाब आहे तेथे शासनाचे कर्तव्य सुरू होते. पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेली जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होते. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांबरोबर, आमच्यासारख्या शेतकरी-आत्महत्यांनी पोळलेल्या चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचे दार उघडण्यात आले, आणि तिच्यात शस्त्रक्रिया, किमो आणि किरणोपचार तिन्ही बसतात. रेल्वेच्या शयनयानात उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला भाडे माफ आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवासदन आहे. हे सर्व ठाऊक असलेला मनुष्य रुग्णाला भेटला तर तिचे नशीब, न भेटला तर तिचे प्राक्तन. योजना उपचाराचे देयक भागवते. पण परगावी तीन आठवडे काढणाऱ्या बाईच्या आणि तिच्या सोबतिणीच्या मुक्कामाचा, बुडालेल्या मजुरीचा आणि घरी राहिलेल्या म्हशीचा हिशेब तिच्यात नाही. माझी मागणी साधी आहे: किरणोपचार हा स्तनसंरक्षक शस्त्रक्रियेचाच भाग मानून, जेथे यंत्र आहे तेथे अशा स्त्रियांच्या निवासाची तजवीज योजनेतच करावी. २०१६ च्या एप्रिलात तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणून देणाऱ्या राज्याला, शे-दोनशे बायकांना यंत्रापाशी नेऊन ठेवणे अवघड जाऊ नये. शिवाय विज्ञान स्वतःच आपल्याकडे चार पावले चालत आले आहे: ४,०९६ रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीने २०२० मध्ये असे दाखविले की, योग्य निवडलेल्या रुग्णांना तीन आठवड्यांच्या पंधरा शेकांऐवजी एका आठवड्यात पाच शेक दिले तरी पाच वर्षांच्या पाहणीत स्थानिक पुनरुद्भव वाढत नाही. सर्वांना हे लागू नाही. पण ‘मला पाच दिवसांचे चालेल का?’ हा प्रश्न बोरी-उमरीच्या बाईला ठाऊक असला पाहिजे, कारण तिच्यासाठी पाच आणि पंधरा यांतील अंतर हेच कित्येकदा स्तन राहणे आणि जाणे यांतील अंतर असते.

येथपर्यंत वाचून, हा लेखक प्रत्येक स्त्रीने स्तन राखलाच पाहिजे असा आग्रह धरतो आहे, असा कोणाचा ग्रह झाला असेल तर तो मी दूर करतो. १९८७ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी गाठ लहान असूनही संपूर्ण स्तन काढवून घेतला, तेव्हा त्यांच्यावर बरीच टीका झाली, आणि पुढे काही काळ त्या देशात स्तन राखण्याच्या शस्त्रक्रिया लक्षणीय घटल्याचेही आढळले. एका बाईचे उदाहरण इतरांनी डोळे मिटून गिरवावे हे वाईट. पण तिने आपल्या देहाविषयी विचारपूर्वक निर्णय घ्यावा यात वाईट काय? चुलीपुढे, शेतात, डोक्यावर भारा घेऊन जन्म काढणाऱ्या बाईला काय महत्त्वाचे वाटते हे तिच्याशिवाय कोण सांगणार? उदाहरणार्थ, हाताला पुढे कायमची सूज येईल का, हा तिच्या दृष्टीने पोटापाण्याचा प्रश्न असतो. आणि ती सूज मुख्यत्वे काखेतील ग्रंथी किती काढल्या यावर आणि तेथे दिलेल्या शेकावर अवलंबून असते, स्तन ठेवला की काढला यावर नाही, हे तिला कोणी सांगतच नाही. मुखत्यार नेमण्याचा अधिकार तिला आहे. पण तिने नेमल्यावाचून आम्ही मुखत्यार होऊन बसतो, हा वादाचा मुद्दा आहे.

या मुद्द्यावर कायदा निःसंदिग्ध आहे. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात असे ठरविले की, सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तिच्या आईने दिलेली संमतीसुद्धा संमती ठरत नाही. तपासणीसाठी भूल दिलेल्या अवस्थेत तिचे गर्भाशय व बीजकोश काढणे अनधिकृत होय. आणि संमती द्यावयाची तर उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके पुरेसे समजल्यावरच ती दिली गेली पाहिजे. जी गोष्ट सख्ख्या आईला करता येत नाही ती दिराला, मुलाला किंवा भावाला कोठून करता येणार? अमेरिकेतही १९७० च्या दशकात असाच शिरस्ता होता: गाठ कसली हे पाहण्यासाठी भूल द्यावयाची, त्याच भुलीत रोग ठरला की स्तन काढून टाकावयाचा, आणि बाईने जागे झाल्यावर पट्टीकडे हात नेऊन आपले भवितव्य चाचपून पाहावयाचे. रोज कुश्नर नावाच्या पत्रकार स्त्रीने स्वतःच्या बाबतीत याला नकार दिला, निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये विचाराला अवकाश मागितला, आणि तो लढा पुढे सर्वांचा झाला.

हा अवकाश मागणे हाच सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत कमी वापरला जाणारा उपाय आहे. सर्पदंश आणि कर्करोग यांत फरक आहे. जी गाठ तयार होण्यास बहुधा काही वर्षे लागली आहेत तिच्या बाबतीत आठ-पंधरा दिवस विचाराला घेतल्याने काही बिघडत नाही. महिनोन्महिने घालविल्याने बिघडते. तारीख मागून घेण्याबद्दल आम्ही वकील पुरेसे बदनाम आहोत, पण जेथे तारीख मागणे न्याय्य आहे अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे, आणि तेथे नेमके कोणीच मागत नाही.

माझ्या बहिणीला ती तारीख मिळाली, ती माझ्यामुळे नव्हे. मी ते वाक्य उच्चारल्यावर डॉक्टरांनी, जे वयाने माझ्या मुलापेक्षा लहान असतील, आम्हां चौघांना अतिशय सौजन्याने बाहेर बसण्यास सांगितले आणि दार लावून घेतले. आत वीस मिनिटे काय बोलणे झाले ते मला पुढे तिच्याच तोंडून कळले. तिने दोन प्रश्न विचारले होते: जुने ब्लाउज होतील का, आणि डोक्यावरून वैरणीचा भारा आणता येईल का. आठ दिवसांनी या, असे सांगून डॉक्टरांनी आम्हांला परत पाठविले.

ते आठ दिवस मी उपरोक्त सगळी माहिती गोळा करण्यात घालविली, आणि नवशिक्याच्या उत्साहाने रोज संध्याकाळी उदगीरला तिच्या घरी दूरध्वनी करून, स्तन राखणे कसे योग्य, बार्शीला राहण्याची सोय मी कशी करतो, वीस वर्षांच्या चाचण्या काय सांगतात, हे तिला ऐकवीत राहिलो. आठव्या दिवशी तिने संपूर्ण स्तन काढण्याचा निर्णय सांगितला. शेकाची भीती नव्हती, खर्चाची नव्हती. ‘उरलेल्यात पुन्हा काही आलं का, म्हणून रोज हात लावून बघत बसायचं मला जमणार नाही, दादा. माझा स्वभाव तुला माहीत आहे.’ माझ्याजवळ याला उत्तर होते, आकड्यांसह होते. ते मी दिले नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी परिचारिकेने संमतिपत्र आणून दिले, सहीची जागा बोटाने दाखविली आणि पेन पुढे केले. बहिणीने चष्मा लावला, कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

‘वाच,’ ती म्हणाली. ‘सगळं वाच. बारीक अक्षरातलंसुद्धा.’

कागद इंग्रजीत होता. मी खाटेच्या कडेवर बसून एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागलो. काही शब्द मलाही अडले, त्यांचे अर्थ परिचारिकेला विचारावे लागले. ती दोनदा घड्याळाकडे पाहून गेली. दुसऱ्या पानावर आलो तेव्हा बहिणीने मला थांबवून मागचे एक वाक्य पुन्हा वाचावयास सांगितले.